जाहेदाच्या हातातलं तबक

मंगनीच्या दुपारी सिल्लोडच्या सरदारमियांनी औरंगाबादच्या व्याह्यांच्या अंगणात होणाऱ्या सुनेसाठी आणलेली पाचूची अंगठी साऱ्या पुरुषांना दाखवली आणि अंगठीचं तबक त्या घरच्या जुन्या मोलकरणीच्या, जाहेदाच्या, हाती आत पाठवलं. पडद्यापलीकडच्या बिनखिडकीच्या खोलीत बायका कंदील लावून बसल्या होत्या. थोड्या वेळानं मुलीची आई आतून म्हणाली, "मियाँ, पाचू सांगून लाल खडा पाठवला व्हय?"

"लाल? समद्यांनी हिरवा पाहिलाय!"

सगळे जाहेदाकडं बघू लागले. पडद्याच्या दोन्ही बाजूंना जाणारी ती एकटीच होती.

"खडा कुठं बदलला, सांग!" सरदारमियाँ तिला म्हणाले.

ती मान खाली घालून डोळे चोळत राहिली.

"मंगनी मोडली. द्या अंगठी परत," सरदारमियाँ कडाडले.

पडद्याच्या फटीतून मुलीचा हात बाहेर आला. तळहातावरचा लाल खडा उन्हात येताच हिरवा झाला. आतून बायका ओरडल्या, "या अल्ला!"

पाहुण्यांतले सराफ नानासाहेब पुढं आले. "अहो, हा पाचू नाय. उन्हात हिरवा, दिव्याजवळ लाल, अशा खड्याबद्दल मी नुसतं ऐकून होतो. रंग पालटतो म्हणून तर त्याला पाचूपेक्षा जास्त मोल!"

सरदारमियांनी कान पकडले. "जाहेदाखाला, चुकलो. पण तुम्ही बोलल्या का नाय?"

जाहेदा डोळे पुसत हसत होती.

"काय बोलू, बाबा? तबकात बघता बघता खडा लाल झाला. मला वाटलं, माझे डोळेच गेले."