तळ्यातला ठिपका

माझ्या विद्यार्थिनीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. "सर, शाळांचं जाळं नकाशावर मांडलं की संगणक तळ्याच्या मधोमध एक जादा ठिपका दाखवतो. जागेवर जाऊन पाहू का?" मला तरी काय कळतंय, म्हणून गप्प बसलो. तिने तो होकार समजला. ती परत आली नाही.

परवा मी तिच्यासारखंच नकाशावर संगणकांचं जाळं मांडलं, मग झाडांच्या मुळांचं. दोन्हींत तळ्यात आता एक नाही, दोन ठिपके आले.

आज तिला "जाऊ नकोस" एवढंच लिहिलं. पत्ता तळ्याचा घातला.

"लिहिलंत का एकदाचं, काका! तळ्यावरच्या ताई रोज तुमचं उत्तर आलं का विचारून जातात," म्हणत टपाल कारकुनाने शिक्का मारला आणि पत्र पाणी गळणाऱ्या थैलीत टाकलं.