पन्नासावं विजेतेपद

“तिला जरा या कपात बसव ना, फोटो मस्त येईल!” दारातूनच नवऱ्याचा आवाज आला.

आठ महिन्यांची लेक माझ्या मांडीवर तापाने फणफणली होती. सकाळी मी थांब म्हणाले होते, तर म्हणाला, “गुडघे संपत आलेत गं. आज पन्नासावं विजेतेपद झालंच पाहिजे. ताप काय, उतरेल.” एकेकाळचा टेनिसचा चॅम्पियन. हल्ली आकडा भरायला आडगावच्या स्पर्धाही सोडत नाही. कप तो आणणार, धूळ मी पुसणार.

मी त्याच्या पायांकडे पाहिलं. लाल मातीच्या कोर्टावर फायनल खेळून आलेला माणूस, आणि मोजे दुधासारखे पांढरे!

“खेळलास तरी का?”

“वॉकओव्हर! समोरचा आलाच नाही. मुलगी तापलीय म्हणे त्याची, घरी बसलाय. बायकोच्या मुठीत! असल्यांनी कशाला खेळावं?”

मी त्याच्या हातातला कप ओढून घेतला, त्यात बाटलीतलं पाणी ओतलं आणि पट्टी भिजवून लेकीच्या कपाळावर ठेवली.

“हं,” मी म्हणाले, “काढ आता फोटो.”