परदेशी सैतान

स्टेडियममागच्याच गल्लीत जन्मलेल्या पहिलवानाला कुस्तीच्या कंपनीने 'परदेशी सैतान' बनवलं. टोकदार मिशा, अंगात परका लष्करी कोट, आणि तोंडी एक अगम्य भाषा. म्हणजे औषधांच्या बाटल्यांवरची नावं उलटी वाचलेली. दर शनिवारी तो रिंगमध्ये उभा राहून देशाला शिव्या घालायचा आणि 'देशाचा वाघ' त्याला बदड बदड बदडायचा. कुस्ती नुरा, म्हणजे आधीच ठरवलेली होती, लोकांचा राग मात्र अस्सल होता. ज्या शेजारणीने त्याला कडेवर खेळवलं होतं, तीसुद्धा पहिल्या रांगेतून ओरडायची, "मेल्या, जा की तुझ्या देशात!"

बायको वैतागायची. "अहो, सोडा ना हे सोंग."

"अगं, मी मार खाल्ला नाही तर यांच्या देशप्रेमाला ऊत कसा येणार?" सुजलेल्या गालावर बर्फ दाबत तो म्हणायचा.

पुढे वाघ बायकोमुलांना घेऊन कायमचा परदेशी गेला. "मुलांचं भवितव्य बघायला नको का?" असं म्हणत सगळ्या गल्लीने त्याला वाजतगाजत निरोप दिला.

वर्षभराने सैतानाला त्याचा फोन आला.

"काय वाघोबा, कुस्ती सोडलीस की काय?"

"नाही दादा, इथेही तेच काम मिळालं."

"मग आवाज असा का पडलाय?"





"दादा, इथे सैतान मी आहे. आपला झेंडा पांघरून रिंगमध्ये उतरलो, की लोक चपला फेकतात."