आत्याची कुजबुज

"ऐकू न येणाऱ्या कानात मी नाव सांगणार नाही," असं म्हणून कुमुदआत्यानं भाचीचं बारसं दोन महिने अडवून ठेवलं होतं. जन्मल्यावर दुसऱ्याच दिवशी तपासणीत बाळाला ऐकू येत नसल्याचं कळलं, आणि त्याच दुपारी आरोग्यसेविका छायाताईंनी तिच्या कानांत अंकुरथेंब घातले. त्यांतून ऐकण्याच्या पेशी आत हळूहळू उगवतात. पुष्कळ बाळांच्या उगवतात, काहींच्या नाही. आज बारशालाच ते कळायचं होतं.

छायाताई पिशवीतून कान तपासायचं यंत्र काढत होत्या, पण आत्याला धीर कुठला? ती नाव सांगायला पाळण्यावर वाकली. लगेच जमलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे "कुर्रर्र!" करत तिच्या पाठीत धपाटे घातले.

"अगं आई गं! मारता की काय मला?" आत्या ओरडली.

बाळ दचकलं आणि त्यानं भोकाड पसरलं.

"ऐकलं तिनं!" बाळाची आई रेवती म्हणाली.

"पाळण्याला धक्का लागला असेल," छायाताई म्हणाल्या. "सगळ्या गप्प बसा. आत्या, मागे उभं राहून, पाळण्याला हात न लावता नाव घ्या."

आत्यानं घसा साफ केला आणि अगदी हळू म्हटलं, "केतकी."

रडणं थांबलं. ओले डोळे आवाजाच्या दिशेनं वळले.

"वन्सं, परत म्हणा ना," रेवती हुंदका आवरत म्हणाली.

मग प्रत्येकीलाच आपल्या आवाजात केतकीला हाक मारायची होती. शेवटी छायाताईंनी यंत्र बाजूला ठेवलं आणि बायकांची रांग लावली.