घोट्यापासून चार बोटं

"पाय सैल सोड. लाकूड झालंय नुसतं."

आईने मुलीच्या घोट्यावर, आतल्या बाजूने, चार बोटं आडवी ठेवली. स्वतःची नव्हे, मुलीचीच. ज्याचा पाय, त्याच्याच बोटांनी मोजायचं, हा या चिनी सुयांच्या विद्येतला नियम. चौथ्या बोटाच्या वर, नडगीच्या हाडामागे बिंदू सापडला. न सापडून जातो कुठे? अठ्ठावीस वर्षं ती सुया टोचत होती. झोप उडालेली माणसं कुरकुरत यायची आणि टेबलावरच घोरायला लागायची.

मुलीचीही झोप महिनाभर उडाली होती. वर्षभर माहेरी न फिरकलेली पोर आज रीतसर वेळ घेऊन, बाहेरच्या बाकावर नंबराची वाट बघून आत आली होती.

बिंदू मोठा गुणाचा. पण पोटुशी असलेल्या बाईला इथे सुई लावत नाहीत. गर्भ पडेल अशी भीती असते. म्हणून आई येईल त्या बाईला आधी विचारून घ्यायची, "दिवस वगैरे नाहीत ना?" साठीतल्या बायकाही यातून सुटायच्या नाहीत. त्या लाजायच्या आणि वर आईलाच वेड्यात काढायच्या.

मुलीला मात्र तिने विचारलं नाही. दोनदा दिवस राहून पोरीचं पोट पडलं होतं. गेल्या वर्षी आईने सहज म्हणून पुन्हा चौकशी केली, तर ती भरल्या ताटावरून उठली. "परत हे विचारलंस तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही," म्हणाली, आणि खरंच ठेवलं नाही. आता कुठे आली होती. तिला पुन्हा गमावण्याची आईची छाती नव्हती.

आईने सुई उचलली. मुलीने पाय झटकन ओढून घेतला.

"अगं, सुयांतच वाढलीस तू. आज काय घाबरतेस?"

"आई, तू सगळ्यांना विचारतेस. मला का नाही विचारलंस?"

आईने सुई खाली ठेवली.

"विचारू?" ती कशीबशी म्हणाली.

मुलगी उठून बसली. तिने आईचा हात धरला.

"तिसरा महिना लागलाय. माझ्या तोंडून काही केल्या निघत नव्हतं गं. म्हटलं, पेशंट होऊन गेले, तर तू विचारशीलच."