चढता-उतरता आकडा

"तांबडा धूर आता विसरा, महिपतीकाका. गॅस धुणारा टॉवर मी स्वतः उभा केलाय," हिमानी म्हणाली. अंबरनाथच्या ॲसिड कारखान्यात ती इंजिनीअर होती, काका जुने ऑपरेटर.

शुक्रवारच्या साप्ताहिक सुट्टीमुळे भर दुपारी सगळा प्लांट बंद होता. तरी चिमणीतला नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे तोच तांबडा धूर, मोजणाऱ्या मीटरचा आकडा संथपणे चढत होता, उतरत होता.

"मॅडम, हा तर तुमच्याबरोबर श्वास घेतोय."

"सेन्सर बिघडलाय, बाकी काही नाही."

काकांची समजूत घालायला तिने स्वतःचा श्वास रोखला. आकडा थांबला. तिने श्वास सोडला, तसा तो उतरला.

"योगायोग हो!" ती हसली.

मग आकडा आपणहून थांबला. हिमानीने श्वास घ्यायला तोंड उघडलं. श्वास आत येईना.