टक्क्यामागची ओळ

"ती चौथी ओळ काढून टाका," मास्तर म्हणाले.

तिनं लॅपटॉपवरून मान वर केली. गाणाऱ्या मंडळींत तिचं नाव 'छापखाना' पडलं होतं, कारण सगळ्यांचे सुरांचे कागद तीच तयार करायची. "चौथी म्हणजे खालच्या आवाजाची?"

"तीच. चौघीजणी मागं बसून नुसतं हं हं करतात. एकीला दिसत नाही, दुसरी ड्युटीवरून येऊन डुलक्या काढते. कार्यक्रम महिन्यावर आलाय. तीन आवाजांत गाणं कसं स्वच्छ होईल."

"मास्तर, पण तिसऱ्या पानावर..."

"बाई, तुमचं काम टंकायचं. तिसरं पान मला शिकवू नका."

तिसरं पान मास्तरांनी उघडलंही नव्हतं. एक पान पक्कं बसल्याशिवाय पुढचं उघडायचं नाही, असा त्यांचा नेम होता आणि नेमाचा त्यांना भारी अभिमान. पहिल्या दोन पानांवर खालच्या आवाजाला खरोखरच लांबलचक सूर धरून बसण्यापलीकडे काही नव्हतं. छापखान्याच्या डोक्यात राग गेला होता. मागच्या भिंतीशी बसलेल्या चौघींनी सगळं ऐकलं होतं, आणि त्यांतली दिसत नाही म्हटलेली बाई तिची सख्खी आत्या होती.

आत्याला कागद वाचता येत नसे. म्हणून ती भाचीकडून टंकलेली ओळच मोठ्यानं वाचून घ्यायची. अक्षर म्हणजे सूर, पुढचा आकडा म्हणजे त्याची लांबी. चार लिहिलं की एक ठोका, दोन लिहिलं की दोन ठोके, आणि एक लिहिलं की पुरते चार.

"उलटाच कारभार की गं," आत्या पहिल्या दिवशी म्हणाली होती. "एकटा दिसला की त्यालाच सगळ्यात जास्त ओढायला लावायचं!"

पण स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता तिनं ती ओळ अक्षर न् अक्षर पाठ केली, आणि उरलेल्या तिघींच्याही डोक्यात घालून दिली.

छापखान्यानं फाइल उघडली. तिच्या प्रोग्राममध्ये सूर उचलून रेघांवर चिकटवायचे नसत. चार आवाज चार ओळींत अक्षरांनी लिहायचे, मग कंप्युटर त्यांची रीतसर पानं करून द्यायचा. पक्का सांगकाम्या. तिनं चौथ्या ओळीच्या तोंडाशी टक्क्याची एक खूण टंकली. ती खूण दिसली की त्यापुढचं कंप्युटर वाचत नाही. ओळ असते जिथल्या तिथं, कागदावर तेवढी येत नाही.

मास्तरांचा शब्द तिनं खाली पडू दिला नाही. तीन आवाजांचे कागद छापले आणि त्या गाणाऱ्यांना वाटले.

"मग आम्ही जायचं का?" मागून ड्युटीवरून आलेल्या नर्सनं विचारलं.

"कशाला?" ती म्हणाली. "कागद नाही म्हणालेत. खुर्ची नाही असं कुठं म्हणालेत?"

चौघी बसून राहिल्या. पुढच्या तालमीलाही वेळेवर येऊन बसल्या. त्या दिवशी मास्तरांनी तिसरं पान उघडलं.

पानावरची पहिली ओळ छान गेली. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी तिन्ही आवाज एकदम थांबले. मास्तरांचा हात हवेत ठोके देतच राहिला.

"थांबलात का?"

"आम्हाला इथं काहीच नाही," पहिल्या रांगेतला न्हावी म्हणाला. "आठ घरं रिकामी आहेत."

मास्तरांनी आपला कागद डोळ्यांजवळ नेला. उभ्या रेघांमधली आठही घरं तिन्ही आवाजांसाठी रिकामी होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "हे असं कसं छापलंत?"

"तुम्ही सांगितलंत तसं. ही आठ घरं खालच्या आवाजाची आहेत."

मास्तरांचे कान लाल झाले, पण माघार घेतील तर मास्तर कसले. "पुन्हा," ते म्हणाले आणि हात उचलला.

पहिली ओळ झाली. तिन्ही आवाज थांबले. आणि मागच्या भिंतीकडून चौघींचा आवाज उठला. कुणाच्याही हातात कागद नव्हता. जमीन धरून चालावं तशा सात घरं गायल्या, कुठं अडखळल्या नाहीत. छापखान्याचे ओठ अक्षरं आणि आकडे मोजत होते. आठव्या घरात एकच सूर होता, पुढं आकडा एक. मास्तरांचा हात तिसऱ्या ठोक्यालाच थांबवायला खाली आला. आत्यानं तो पाहिला नाही, किंवा पाहिला असेल. तिनं चौथा ठोका पुरा केला, आणि तोच सूर पकडून वरचे तिन्ही आवाज बिनचूक आत आले.

गाणं शेवटपर्यंत गेलं. न्हाव्यानं वळून मागं पाहिलं आणि मान डोलावली.

मास्तरांनी घसा साफ केला. "ती ओळ परत लिहायला किती वेळ लागेल, बाई?"

खूण पुसायला एक बोट पुरलं असतं. तिनं लॅपटॉप मिटला आणि हात त्यावर ठेवला.

"मागच्या चार खुर्च्या पुढं यायला लागेल तेवढा."

मास्तर काही म्हणायच्या आत मागं फरशीवर खुर्ची ओढल्याचा आवाज आला. आत्या निघालीसुद्धा होती.